एकसष्ट यंत्रांची खंडेनवमी

यंत्राला विचारण्यासारखे प्रश्न दोनच असतात : तू कोण, आणि कधी उठलास? हे प्रश्न विचारण्याचा मला पगार मिळतो. बावीस वर्षं मिळतो आहे. घरात हेच प्रश्न विचारले की काय ऐकावं लागतं ते ठाऊक असल्यामुळे मी यंत्रांकडे वळलो, असं माझी बायको वैजयंता म्हणते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे मशीन-आयडी. यंत्रात प्रणाली पहिल्यांदा चढवली जाते त्या दिवशी हा बत्तीस अक्षरांचा आकडा लिहिला जातो, आणि यंत्र भंगारात जाईपर्यंत तो बदलत नाही. दुसऱ्याचं उत्तर म्हणजे बूट-आयडी. तोही बत्तीस अक्षरांचा, पण यंत्र बंद होऊन चालू झालं की दर वेळी नवा पडतो. तो कुठे जपून ठेवलेला नसतो. वीज गेली की तोही गेला. तो येतो कुठून, तर चिपच्या आत उष्णतेनं इलेक्ट्रॉन सतत थरथरत असतात, त्या थरथरीतून. जगातली सगळी यंत्रं एकाच क्षणी बंद करून चालू केली तरी कुठल्याही दोन यंत्रांना सारखा आकडा पडायचा नाही, एवढा त्याचा पसारा. प्रत्येक जाग ही विश्वात पहिल्यांदाच आलेली जाग असते. मला याचं अजून नवल वाटतं. ऑफिसात कुणाला वाटत नाही. तिथे नवल वाटून घ्यायचं तर रजेचा अर्ज द्यावा लागेल.

आमचं ऑफिस म्हणजे पुण्यातलं हृदयपंप नोंदणी केंद्र. ज्यांचं हृदय थकलं त्यांच्या छातीत अंगठ्याएवढा पंप बसवतात. पंपाची वायर पोटातून बाहेर येते आणि कंबरेच्या पट्ट्यावरच्या डब्याला जोडलेली असते. डब्यात दोन बॅटऱ्या आणि एक लहानसा संगणक. राज्यातले असे चौदा हजार डबे दर सेकंदाला आमच्याकडे हजेरी लावतात. हा पंप ठोके देत नाही, पंख्यासारखा अखंड फिरतो. त्यामुळे पंपवाल्या माणसाला नाडी नसते. माणूस बोलतो, चालतो, भांडतो, आणि मनगट गप्प.

चौदा हजारांतला एक डबा माझ्या सासऱ्यांच्या कंबरेला होता. हिंदुराव सुतार, कोल्हापूरच्या उद्यमनगरात अडतीस वर्षं लेथवर; मी त्यांना मामा म्हणतो. पंप बसवून चार वर्षं झाली होती. पहिल्याच वर्षी ते तापासाठी गल्लीतल्या नव्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरनं दोन्ही मनगटं तपासली, मानेला हात लावला, आणि शेवटी स्वतःची नाडी पाहिली. ही हकीकत मामा प्रत्येक लग्नात सांगत.

त्या श्रावणात मी बूट-आयडींची जुनी यादी चाळत होतो. पंप बंद पडणं ही मोठीच गोष्ट, पण बॅटरी बदलताना चुकून होतं कधीकधी. अशा चुका वर्षभर विखुरलेल्या दिसतात. मला मात्र दिसलं, की दर वर्षी एका ठरावीक दिवशी जुना बूट-आयडी संपल्याचा ढीग पडतो. पहिल्या वर्षी एक, दुसऱ्या वर्षी तेवीस, गेल्या वर्षी एकसष्ट. आणि तो दिवस सरकत होता. सात ऑक्टोबर, मग सव्वीस सप्टेंबर, मग पंधरा ऑक्टोबर.

आमच्या संचालक डॉ. हर्डीकर मूळच्या हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी बॅटरी पुरवणाऱ्यांना विचारलं. चाळीस पानी उत्तर आलं. त्यात सौरवादळांचा उल्लेख होता.

मी तारखांकडे बघत बसलो. अकरा दिवस मागे, मग एकोणीस दिवस पुढे. अशी चाल अधिक महिना पाळणाऱ्या गोष्टीचीच असते. पॅन्ट्रीत, चहाच्या यंत्रामागे, भिंतीवर कालनिर्णयवजा कॅलेंडर टांगलेलं असतं. वर्ष संपलं तरी दुधाच्या हिशेबासाठी कुणी काढत नाही. तीन वर्षांची एकावर एक होती. तिन्ही तारखांना एकच तिथी निघाली. आश्विन शुद्ध नवमी. खंडेनवमी.

मी जिल्हे पाहिले. कोल्हापूर, सांगली, थोडे सोलापूर. एकसष्ट माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. लेथवाले, फौंड्रीवाले, मागवाले. खंडेनवमीला यंत्र बंद करायचं, पुसायचं, कुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची, आणि दसरा उजाडेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, हे ज्यांच्या अंगात मुरलंय अशी माणसं. ही माणसं नवमीला आपला डबा बंद करून त्याची पूजा करत होती.

चहा गार झाला तरी मी तिथेच उभा होतो. मग जागेवर येऊन दुसरी गोष्ट तपासली. जुन्या बूट-आयडीची शेवटची हजेरी आणि नव्याची पहिली, यांच्यामधला वेळ. म्हणजे डबा किती वेळ बंद होता. कुठे वीस सेकंद, कुठे मिनिट, कुठे चार मिनिटं. तेवढा वेळ ही माणसं आपापल्या मोडक्या हृदयावर उभी होती. एकसष्टांपैकी एकोणसाठ डब्यांचा नवा बूट-आयडी आला होता. दोघांचा आलाच नव्हता.

नावं मला दिसत नाहीत. मशीन-आयडी जसाच्या तसा बाहेर द्यायचा नसतो, असा आमच्या धंद्यातला जुना दंडक आहे. नाहीतर कुणीही कुणाच्याही मागावर राहील. म्हणून डबा तो आकडा आमच्या एका गुप्त किल्लीबरोबर दळतो आणि आम्हाला पीठ पाठवतो. पिठावरून दाणा ओळखता येत नाही. पण तोच दाणा पुन्हा दळला तर तंतोतंत तेच पीठ पडतं.

यादीतल्या सर्वांत वरच्या ओळीवर माझी नजर अडकली होती. कोल्हापूर जिल्हा, वय बहात्तर. तीनही नवम्या. पहिल्या वर्षी चाळीस सेकंद, दुसऱ्या वर्षी चार मिनिटं, तिसऱ्या वर्षी नऊ मिनिटं वीस सेकंद.

रविवारी मी कोल्हापूरला गेलो. सॉफ्टवेअर बघतो म्हणून मामांचा डबा हातात घेतला, तंत्रज्ञांच्या पानावर जाऊन मशीन-आयडी वाचला आणि लॅपटॉपवर दळला. हे करायचं नसतं. केलं. पीठ तेच पडलं.

मी विचारलं, की मामा, नवमीला डबा बंद करता काय. ते पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं, घडी घातली, चष्मा काढला.

"पावणं, चालू यंत्राला कुंकू लावत्यात व्हय?"

मी म्हणालो, हे यंत्र वेगळं आहे. ते म्हणाले, वेगळं म्हणूनच. लेथ आठ तास राबायचा, तर त्याला एक दिवस होता. ह्यो डबा चोवीस तास राबतोय आणि त्याला घटकाभरसुद्धा न्हाई? पहिल्या वर्षी त्यांनी कुंकवाचं बोट टेकवण्यापुरताच डबा बंद केला होता. चक्कर आली तर लगेच चालू करायचं म्हणून दुसऱ्या हाताचा अंगठा बटणावर.

"मनगटात कायतरी हललं. मला वाटलं मुंगी चढली," ते म्हणाले. "बघतोय तर मुंगी न्हाई. माझी आपलीच नाडी."

पुढे सांगताना त्यांचा आवाज उतरला. देव्हाऱ्यापुढे ते डबा मांडीवर घेऊन बसले होते आणि मनगट धरून मोजत होते. छत्तीसपर्यंत मोजली. हसू येईना आणि रडूही येईना. पुढच्या वर्षी जास्त वेळ बसले. झेंडू घातलेल्या डब्याचा फोटो त्यांनी त्याच सकाळी पंपवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली बदामाचे आणि हात जोडल्याचे पन्नासएक निरोप आले. तेविसांचा आणि एकसष्टांचा उलगडा तिथे झाला.

आता मला ते सांगावंच लागलं. दोघांचा डबा पुन्हा चालू झाला नाही. एक सांगलीचा, एक कोल्हापूर जिल्ह्यातला, वय सहासष्ट.

मामांनी डबा माझ्या हातातून घेऊन पुन्हा पट्ट्याला अडकवला. मग त्यांनी विचारलं, गेल्या वर्षीचा? मी हो म्हणालो. ते म्हणाले, शिरोळचा तुकाप्पा असणार. ऐन दसऱ्यात गेला, सोनं द्यायला गेलो तर दारात माणसं. हृदयानंच गेला असं सगळे म्हणाले, आणि आपणही तेच म्हणालो.

"माझा फोटो बघून त्यानं केलं," ते म्हणाले.

मी डॉ. हर्डीकरांना सगळं सांगितलं, फक्त एक सोडून : वरच्या ओळीतला माणूस कोण ते मला कळलंय, हे. त्यांनी आलेख समोर घेतला आणि खुर्चीतून उठून खिडकीशी गेल्या. पूर्वी, त्या म्हणाल्या, पंप घटकाभर मंद करून खालचं हृदय बरं झालंय का ते बघायचे. पंप चांगले होत गेले तशी ती जोखीम घ्यायचं कारण उरलं नाही. चौदा हजार हृदयं पंपाच्या आड विसावली आहेत. विश्रांतीनं त्यातली कितीतरी बरी झाली असतील, आणि आपल्याला माहीत नाही.

मी विचारलं, वर्षातून एकदा बंद केल्यामुळे ती सुधारली असं म्हणता येईल का.

"किंवा ती आधीच सुधारली होती, आणि आपण त्यांना विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "या म्हाताऱ्यांनी विचारलं."

शोध मोठा होता म्हणून समिती नेमण्यात आली. समितीत अकरा जण होते आणि दोन मृत्यू समोर होते, त्यामुळे निर्णय आठवड्यात झाला आणि तो चुकीचाही नव्हता. येत्या नवमीच्या आत सर्व डब्यांवर नवी प्रणाली पाठवायची; बटण कितीही वेळ दाबलं तरी डबा बंद होता कामा नये. ती प्रणाली लिहायचं काम माझ्याकडे आलं. डॉ. हर्डीकरांनी भांडून एक गोष्ट पदरात पाडून घेतली. एका यंत्राला सूट. एका रुग्णाची, हॉस्पिटलात, यंत्रणेच्या देखरेखीखाली चाचणी. ती जमली तर पुढे सगळ्यांची.

त्यांना वरची ओळ हवी होती. नऊ मिनिटं वीस सेकंद. पण हे कोण, त्या म्हणाल्या, आपल्याला कसं कळणार?

गप्प बसलो असतो तर मामांचं बटण कुलूपबंद झालं असतं, ते सुरक्षित राहिले असते, आणि वैजयंताला काही कळलंच नसतं. मी तीन दिवस गप्प बसून पाहिलं. चौथ्या दिवशी मामांचाच फोन आला. त्यांनी ग्रुपवर लिहिलं होतं, की यंदा कुणी डब्याला हात लावायचा नाही, आणि सतरा जणांनी उलट विचारलं होतं, की मिस्त्री, देवाचं कसं मोडायचं. ते म्हणाले, अंदाजानं केलं म्हणून माणूस गेला. आता एकदा मापात करून दाखवायला पायजे. अडतीस वर्षं मायक्रोमीटर धरला, हितंच का सोडला?

मग मी डॉ. हर्डीकरांना सांगितलं आणि संध्याकाळी वैजयंताला. डॉ. हर्डीकर माझ्यावर नियम मोडल्याबद्दल पाच मिनिटं रागावल्या. वैजयंता रागावली नाही. तिनं गॅस बंद केला, हात पुसले आणि सगळं नीट ऐकून घेतलं. तिनं विचारलं, न चालू झालेले किती. मी म्हणालो, एकसष्टात दोन.

"तुमच्या यादीत एकसष्ट आहेत," ती म्हणाली. "मला वडील एकच आहेत."

त्यानंतर एकोणीस दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिनं वडिलांना, म्हणजे तिच्या आबांना, फोन करून समजावलं, त्यांच्या भावाकरवी समजावलं, शेवटी स्वतः जाऊन आली. तिकडे काय बोलणं झालं ते मला कळलं नाही. परत आल्यावर तिनं नवमीच्या दिवशीची रजा टाकली, एवढं दिसलं. सूट मिळालेल्या यंत्रांच्या यादीत मी एक ओळ लिहिली. बत्तीस अक्षरं. टाइप करताना दोनदा चुकलो. बावीस वर्षांत मी आयडी हातानं कधी टाइप केला नव्हता. तो नेहमी उचलून चिकटवायचा असतो. हा मात्र चिकटवावासा वाटला नाही.

खंडेनवमीला सकाळी अकराला कोल्हापूरच्या हॉस्पिटलात आम्ही जमलो. मामा गादीवर अर्धवट बसलेले, धुतलेला सदरा, दाढी गुळगुळीत. पलंगाशेजारी सोनोग्राफीचं यंत्र, त्याच्या पडद्यावर त्यांचं हृदय. मी पहिल्यांदाच पाहत होतो. करड्या धुक्यात एक ढिली पिशवी, पंप तिला खालून रिकामी करतोय आणि ती पडून आहे, सुट्टीच्या दिवशी दुपारी माणूस पडून असतो तशी.

कुंकवाला सिस्टरांची हरकत होती. मामांनी ती ऐकून घेतली. शेवटी डब्यावर प्लास्टिकची पिशवी चढवून पिशवीला कुंकू लावायचं ठरलं. झेंडूची माळ वैजयंतानं आणली होती. ती तिनं स्वतः डब्याला घातली, आबांच्या पलीकडे बसली आणि त्यांचं मनगट हातात धरलं. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

मामांनी हात जोडले आणि बटण दाबून धरलं. दहा सेकंद. पंपाची गुणगुण, जिची मला इतक्या वर्षांत सवय झाली होती, थांबली. पंपामागची झडप मिटली. माझ्या लॅपटॉपवर दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत मशीन-आयडी होता तसाच. खालची ओळ कोरी झाली.

मग धुक्यातली ती पिशवी हलली. आधी कड थरथरली. नंतर सगळी मिळून आवळली, सैल झाली, पुन्हा आवळली. कुणी तिला शिकवलं नव्हतं, कुणी तिला प्रणाली पाठवली नव्हती. ती कुठल्या आकड्यानं उठली ते माझं कुठलंही यंत्र मला सांगू शकत नव्हतं. मी उभा राहिलो होतो हे मला नंतर कळलं.

वैजयंता मान खाली घालून बोटांखाली मोजत होती. तिच्या ओठांची हालचाल दिसत होती.

चाचणी पंधरा मिनिटांची ठरली होती. पंधराव्या मिनिटाला डॉ. हर्डीकरांनी चालू करायच्या बटणावर बोट ठेवलं, पडद्याकडे पाहिलं, रक्तदाब पाहिला, आणि म्हणाल्या, अजून पाच मिनिटं. मामांनी आठवण दिली, की बंद केलेलं यंत्र दसऱ्याला चालू करायचं असतं. बाईंनी त्यांना बोलू नका म्हणून सांगितलं. विसाव्या मिनिटाला त्या पुन्हा म्हणाल्या, अजून पाच. पंचविसाव्याला काही न बोलता त्यांनी बोट काढून घेतलं आणि स्टुलावर बसल्या. चहावाला येऊन गेला. मामांना बिनसाखरेचा.

तिसाव्या मिनिटाला वैजयंताचा फोन वाजला. एका हातात मनगट, म्हणून तिनं दुसऱ्या हातानं फोन पाहिला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं : आपल्या रुग्णाच्या यंत्रास गेली तीस मिनिटे जाग आढळलेली नाही. केंद्र आपल्या दुःखात सहभागी आहे.

हा नियम सहा वर्षांपूर्वी मीच लिहिला होता. मशीन-आयडी आहे, बूट-आयडी अर्धा तास नाही, म्हणजे माणूस गेला. नातेवाइकांना आपोआप निरोप; त्यांचे नंबर आम्हा माणसांना दिसत नाहीत, यंत्राला दिसतात. 'सहभागी' या शब्दावर समितीच्या दोन बैठका झाल्या होत्या. आज तो बंद करून ठेवायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. तुकाप्पाच्या घरीही हाच निरोप गेला असणार.

"कोन गेलं?" मामांनी विचारलं.

"तुम्ही, आबा."

त्यांनी यावर थोडा विचार केला. पडद्यावर पिशवी आवळत होती, सैल होत होती.

"मग च्यात साखर घालायला आता हरकत न्हाई," ते म्हणाले.

डॉ. हर्डीकर हसल्या, आणि मग डोळे पुसू लागल्या. वैजयंता हसली नाही. तिनं मनगट सोडलंही नाही. तिनं फोन माझ्यापुढे धरला आणि एकोणीस दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली.

"हे दुरुस्त करा."

मी लॅपटॉप मांडीवर घेतला. आमच्या नोंदणीत माणसाच्या दोनच अवस्था होत्या, चालू आणि मृत. तिसरीला नाव काय द्यायचं ते डॉ. हर्डीकरांना विचारलं, पण त्या पडद्याजवळ खुर्ची ओढून बसल्या होत्या आणि त्यांना ऐकू गेलं नाही. नाव कोरंच ठेवलं. आधी अट लिहून टाकली.

बूट-आयडी : नाही. माणूस : आहे.